लाकडाचे दोन सेल

या अंकाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात ‘आपल्या व्यवसायातील गमतीजमती’ असा शब्दप्रयोग आहे. त्याला मी प्रारंभीच हरकत नोंदवून ठेवतो. मालवणच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून मी सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. या काळात माझ्यासमोरच्या बाकावर गंमत म्हणून कोणीही येऊन बसलेले नाही. ज्याची दाद घरात लागत नाही, वाडीत लागत नाही, सरपंचाकडे लागत नाही, तो शेवटी माझ्याकडे येतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, ही गोष्ट मी लपवत नाही. पदवीधर माणसे ‘मी खालील सही करणार’ याच्यापुढे वाक्य रेटता येत नाही म्हणून माझ्याकडे येतात, हीही लपवण्याजोगी गोष्ट नव्हे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्ज म्हणजे रडगाणे नव्हे. समोरचा माणूस जे सांगतो त्यातले तीन चतुर्थांश रडणे असते. ते ऐकून घ्यायचे आणि लिहायचे नाही. उरलेल्यातून कोण, काय, कधीपासून आणि कोणाकडून काय पाहिजे, एवढे चार मुद्दे काढायचे. मग विषय, संदर्भ, मजकूर आणि सोबत जोडलेली कागदपत्रे. कसब असते ते या शेवटच्या बाबतीत. कचेरीने तीन प्रती मागितल्या तर मी सहा जोडतो. रेशनकार्ड मागितले तर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि घरपट्टीची पावतीही जोडतो. विजयदुर्गच्या एका गृहस्थांच्या अर्जाला मी एकदा नऊ प्रती जोडल्या, तेव्हा टेबलावरचे साहेब हसले होते. पुढे त्याच कचेरीने त्यातल्या सात हरवल्या आणि आठवीवर त्या गृहस्थांचे काम झाले. तेव्हापासून माझ्या धंद्याचा नियम ठरलेला आहे. कमी पडल्याने अर्ज मरतो, जास्त झाल्याने कधी मरत नाही. या नियमाने सत्तावीस वर्षांत मला एकदाच दगा दिला. लिहिण्यासारखे काही असेल तर तेवढेच आहे.

जनाकाकी मासळी बाजारात बसते. तिच्या पाटीतले बांगडे मी वर्षानुवर्षे घेत आलो, पण ती माझ्या बाकावर कधी बसली नव्हती. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एका सकाळी ती आली आणि उभ्यानेच म्हणाली,

“रायटरांनू, माका एक अर्ज करून होयो.”

कोणाच्या विरुद्ध, असे मी सवयीने विचारले.

“कोणाच्या इरुद्ध नाय. सेल होये. घड्याळाचे काडलंय, रिमोटाचे काडलंय. आता घरात काडूक कायच उरूक नाय.”

हकीकत अशी होती. जनाकाकीचा नवरा जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. सगळे गाव त्याला तांडेल म्हणूनच ओळखते. आता त्याची फुफ्फुसे निकामी होत आली आहेत. औषधे चालू आहेत, तोंडात मारायचा पंप चालू आहे, तरी बसल्या जागी धाप लागते, श्वास मिळत नाही असे वाटून जीव घाबरा होतो. सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तिला साधा उपाय सांगितला होता. हातात धरायचा छोटा पंखा मिळतो, त्याचा वारा सारखा नाकावर आणि गालावर येऊ द्यायचा. त्याने आजार बरा होत नाही, पण गुदमरल्याची भावना कमी होते. छताच्या पंख्याने तसे होत नाही. तो सगळ्या अंगावर येतो, मग तांडेलाला हुडहुडी भरते आणि खोकला सुरू होतो. काकीने जत्रेतल्या दुकानात मिळतो तसला हिरव्या पात्यांचा पंखा आणला आणि डॉक्टरबाईंचे म्हणणे खरे ठरले. पंखा नाकासमोर असला की तांडेल दोन घास खाई, बसल्या बसल्या डोळा लागे. पण तो चाले दोन पेन्सिल सेलवर. दिवसरात्र चालवायचा तर सेल टिकणार किती? पंखा मंदावला की तांडेलाचे डोळे मोठे होत आणि काकी पाटी टाकून घरी धावे.

मी त्या बाईला बसवले आणि माझ्या आयुष्यातला एक उत्कृष्ट अर्ज लिहिला. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. पंख्याचा फोटो जोडला, समोरून आणि मागून. सेल ही या रुग्णाची औषधाइतकीच गरज असून ती औषधांबरोबर पुरवावी, अशी विनंती केली.

पहिले उत्तर आले की सेल ही वस्तू औषधांच्या यादीत नाही. मान्य. मी तो अर्ज उपकरणांच्या टेबलाकडे वळवला. तिथून उत्तर आले की यंत्र रुग्णाने स्वतः विकत घेतलेले असल्याने त्याच्या देखभालीची जबाबदारी कार्यालयाची नाही. मी तिसऱ्या कार्यालयाकडे गेलो. कोणते ते लिहीत नाही, कारण प्रकरण अद्याप निकाली निघालेले नाही. त्यांचे पत्र मला पाठ आहे. ‘रुग्णाने यंत्रासह समक्ष उपस्थित राहावे. यंत्र चालू स्थितीत असावे.’

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. ज्याला उंबऱ्यापर्यंत चालवत नाही त्याने समक्ष उपस्थित राहावे. सेल नाहीत म्हणून जो अर्ज करतो त्याने यंत्र चालू करून दाखवावे. ज्या सद्गृहस्थाने हे लिहिले त्याच्या डोक्यावर ते लिहितानाही पंखा फिरत असणार. मी तरातरा त्या टेबलाशी गेलो. कारकून काही दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडणे सोपे असते. त्याने माझे सगळे ऐकले, चष्मा पुसला आणि मला विचारले की एवढ्या खटपटीपेक्षा तो पंखा सरळ भिंतीच्या पॉइंटवर का चालवत नाही. घरोघरी जुने अडॅप्टर पडलेले असतात, एखादा जोडून टाका.

मला त्याचा राग आला, पण वाटेत विचार करता मुद्दा पटला. काकीला सांगितले, तशी दुसऱ्या दिवशी ती बंद पडलेल्या टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली. इलेक्ट्रिशियनकडे का नेला नाही, असे कोणी विचारील. कारण त्यावर बारीक अक्षरात मजकूर होता. आमच्याकडे ज्यावर अक्षर आहे ती वस्तू रायटरकडे येते. औषधाची बाटली येते, बसचे तिकीट येते, एकदा तर एक जण खताची रिकामी गोण घेऊन आला होता. अक्षर वाचून अर्थ सांगणे हे माझे काम, आणि त्या कामाला मी आजवर नाही म्हटलेले नाही.

मी भिंग लावून वाचले. आत येणारी वीज, बाहेर पडणारी वीज. बाहेर पडणारी बारा व्होल्ट. पंख्याच्या बुडाशी कोरले होते, तीन व्होल्ट. मी कागदावर दोन्ही आकडे मांडले आणि काकीला माझ्या धंद्याच्या नियमाप्रमाणे सांगितले की तीन मागितले आहेत, बारा मिळत आहेत. कमी असते तर अडचण होती, जास्त आहे ते उत्तमच. तिने विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता. मी रायटर होतो.

रविवारी दुपारी जेवण आटोपून मी स्वतः तिच्या घरी गेलो. बगलेत अर्जाची फाइल होती, कारण तांडेलाचा अंगठा दोन ठिकाणी राहिला होता. तांडेल खाटेवर भिंतीला उशा लावून बसला होता. सडपातळ माणूस, पण खांदे अजून वल्ह्याचे. बोलताना दर दोन शब्दांना थांबतो, श्वास घेतो, मग पुढचे दोन शब्द. तरी टोमणा सोडत नाही. मला पाहून म्हणाला,

“रायटरा... वाऱ्याकच... अर्ज केलंस... काय?”

मी अडॅप्टरची पिन कापली, आतल्या दोन तारा सोलल्या आणि पंख्याच्या पोटात सेल बसतात तिथल्या स्प्रिंगांना गुंडाळल्या. बटण दाबले. पंखा असा सुटला की त्याची पाती दिसेनाशी झाली. तांडेलाचे पांढरे केस मागे उडाले. त्याने डोळे मिटले आणि तोंडभर हसला. “वारो... बरो सुटलो,” म्हणाला. जनाकाकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तसे कोणत्याही कचेरीत कोणी पाहिलेले नाही.

हे सुख सुमारे दोन मिनिटे टिकले. मग पंख्यातून कर्कश आवाज आला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, बुडातून धुराची रेघ निघाली आणि पाती थांबली. मी तारा उपटल्या, पुन्हा सेल घातले, हलवले, फुंकले. मोटर मेली होती.

मग मी प्रथमच पाहिले की त्या घरात पंखा थांबणे म्हणजे काय. तांडेलाने खाटेची कड धरली. छाती वर-खाली होऊ लागली आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या. पंपाची फवारणी तोंडात मारली, तरी डोळे त्या बंद पात्यांवरच. जनाकाकी दुसरा पंखा आणायला निघाली आणि दारातच थबकली. दुपारचे दोन वाजले होते. मालवणचा बाजार दुपारी झोपतो, हे बाहेरच्या वाचकांना सांगावे लागेल. जेवणानंतर शटर खाली आले की चारशिवाय वर जात नाही. पर्यटक शिव्या देतात, आम्ही अभिमान बाळगतो. त्या दिवशी मला त्या झोपेचा संताप आला. काकी तरीही धावली, कोणाचे तरी दार ठोकायला.

खोलीत मी आणि तांडेल. वारा घालायला हाताशी काय, तर अर्जाची फाइल. जाड पुठ्ठा, तीन कार्यालयांची तीन उत्तरे, डॉक्टरांची चिठ्ठी, समोरून आणि मागून फोटो. मी ती दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर जिवाच्या आकांताने हलवू लागलो. त्याने हात वर करून मला अडवले.

“जोरान नको... सावकाश... एकसारखो.”

मी हात आवरला. एक लय सापडली. तो हळूहळू त्या लयीवर श्वास घेऊ लागला. बऱ्याच वेळाने तो बोलला, आणि ते बोलणे मी त्याच्या थांब्यांशिवाय इथे देतो, कारण ते संपायला मिनिटभर लागले होते.

“शिडाक वारो जास्त झालो तर होडी फुडे जाणा नाय. शिड फाटता.”

तो लहानपणी शिडाच्या होडीवर गेलेला माणूस. हे त्याला माझ्या नववीच्या वयात ठाऊक होते. मी हात हलवत राहिलो. त्याच्या नजरेत थोडी जान आली तेव्हा त्याने फाइलीकडे बोट दाखवले.

“तुज्या फायलीन... पयल्यांदाच... काम केल्यान.”

मला हसू आले नाही. आजही येत नाही.

दारे ठोकत फिरलेली काकी चारच्या सुमारास परतली ती गफूरभाईंना घेऊन. बाजारपेठेत त्यांचे रेडिओ आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, वर बिऱ्हाड आहे. झोपेतून उठवलेला माणूस, पण येताना दुकानातला एक पंखा आणि चार सेल घेऊन आला. पंखा नाकासमोर धरला, तांडेल उशांवर टेकला, मी फाइल खाली ठेवली. माझे खांदे दोन दिवस दुखत होते. मग गफूरभाईंनी माझा जळका पंखा हुंगला, अडॅप्टर उलटा करून वाचला.

“रायटरसाहेब, ह्यो बाराचो. पंख्याक होयो तीन. तुमी चौपट दिलात.”

जास्त असले म्हणून काय बिघडले, असे मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो.

“अर्जात चालता ता मोटरीक चालणा नाय,” ते शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी जे समजावले ते माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अडॅप्टरवर दोन आकडे असतात. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. तो यंत्राला पाहिजे तितकाच हवा. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक लागले की तीन होतात, तर अडॅप्टरही तीनचाच हवा. दुसरा आकडा अँपिअरचा. तो अडॅप्टर किती वीज पुरवू शकतो ते सांगतो. तो यंत्राच्या गरजेहून कमी नको. जास्त असला तर चालतो, कारण मोटर त्यातून आपल्यापुरतीच घेते. शिवाय अधिकची तार अधिकलाच लागली पाहिजे, नाहीतर पाती उलटी फिरतात आणि वारा मागे जातो.

म्हणजे माझा नियम एका आकड्याला लागू होता आणि नेमका शेजारच्या आकड्याला नव्हता. दोन्ही एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात, मुंगीच्या पायाएवढे छापलेले. ‘यापेक्षा जास्त देऊ नये’ असे एक मराठी वाक्य त्या डबीवर छापायला कारखानदाराचे काय जाते? सातबाऱ्यावर एक अक्षर चुकले तर आम्हाला चार खेटे घालायला लावणारा देश, आणि घराघरांत अशा डब्या बिनभाषेच्या विकल्या जातात. हा संताप रास्त आहे आणि तो मी मागे घेणार नाही. पण त्या डबीवर बारा हा आकडा होता, पंख्यावर तीन होता, आणि दोन्ही मी वाचले होते, हेही मागे घेता येत नाही.

जळक्याच्या बदल्यात मी दुसरा पंखा आणून दिला. भिंतीवर चालण्याची सोय गफूरभाईंनी केली. पंख्याला अडॅप्टरची पिन लावायला भोक नव्हते आणि स्प्रिंगांना तारा गुंडाळणे त्यांना मंजूर नव्हते. त्यांनी सावंतवाडीच्या एका खेळणी करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून पेन्सिल सेलच्या मापाचे दोन लाकडी तुकडे कातून आणले. लाकडी आंबे आणि केळी करणाऱ्या हातांनी केलेले ते सेल, इतके गुळगुळीत की काकी म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवावेत. प्रत्येकाच्या एका टोकाला स्क्रू, स्क्रूला तार, आणि दोन्ही तारा तीन व्होल्टच्या अडॅप्टरला. अधिक-उणे मीटर लावून पाहिले. लाकडी सेल पंख्याच्या पोटात खऱ्या सेलांच्या जागी बसतात. वीज गेली की ते काढायचे आणि खरे घालायचे. एका हाताने हे कसे करायचे ते तांडेल स्वतः शिकला.

पण वीज जातेच. आमच्या किनाऱ्यावर बाहेर वारा सुटला की पहिली वीज जाते. माड वाकत असतात, खिडक्या आपटत असतात, आणि आत त्या माणसाला नाकापुरता वारा मिळत नाही. म्हणून खऱ्या सेलांची मागणी मी सोडली नव्हती. आमच्या पाठपुराव्याने तिसऱ्या कार्यालयातून अखेर एक इसम घरी पडताळणीला आला. त्याने पंखा उघडला, आत पाहिले, वहीत लिहिले आणि चहा न घेता गेला. महिनाभराने पत्र आले. ‘यंत्र तपासले असता त्यात सेल आढळून आले नाहीत. लाकडाचे तुकडे आढळले. सबब सेलची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

ते पत्र वाचून मी शेडमध्ये मोठ्याने काय बोललो, ते या अंकात छापता येणार नाही.

अपील लिहायला बसलो. पहिला मुद्दा उघड होता, लाकडाचे तुकडे तिथे का आहेत ते सांगणे. अडॅप्टर जोडण्यासाठी. मग आधीचा, फोटोतला हिरवा पंखा कुठे गेला? तपासणीत आढळलेला पंखा वेगळा का? हे लिहिले नाही तर काकीवर खोटेपणाचा ठपका बसणार, कारण अर्जाला मीच दोन बाजूंचे फोटो जोडले होते. ‘तांत्रिक कारणास्तव नादुरुस्त झाला’ असे मी लिहिले. हे वाक्य मी शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी लिहिले आहे. त्यामागे कोण लपलेले असते ते मला चांगले माहीत आहे. तो कागद मी फाडला.

दुसऱ्या कागदावर लिहिले, ‘सदर यंत्राची पहिली मोटर अर्जलेखकाने बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडल्यामुळे जळाली. त्या दिवशी रुग्णास दोन तास श्वासाचा त्रास झाला. यात अर्जदाराचा कोणताही दोष नाही.’ खाली माझे नाव, परवाना क्रमांकासह. सत्तावीस वर्षांत मी लिहिलेल्या अर्जाच्या मजकुरात माझे नाव त्यापूर्वी आलेले नव्हते.

कागद घेऊन तांडेलाकडे गेलो. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे हा माझा रिवाज आहे. तो मी त्या ओळीवरही पाळला. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने अंगठ्याची शाई दूर सारली आणि पेन मागितले. सही येते, म्हणाला, मच्छीमार सोसायटीत करायचा. डाव्या हातात पंखा होता. सहीपुरता तो बंद करू का, असे काकीने विचारले, तर त्याने नको म्हणून मान हलवली. वाऱ्याने कागद फडफडत होता. मी दोन्ही हातांनी त्याचे कोपरे दाबून धरले, आणि त्याने दोन श्वासांना एक अक्षर याप्रमाणे आपले पूर्ण नाव लिहिले.

अपील दाखल आहे. या वेळी प्रती तीनच जोडल्या आहेत, मागितल्या तेवढ्याच. सहीची अक्षरे हललेली आहेत. त्यावर टेबलाने हरकत घेतली तर कारण सांगायला मी समक्ष उपस्थित राहीन.